घर समुद्राकाठी की सड्यावर?

निवृत्तीचे पैसे हातात आले, की मुंबई-पुण्यातल्या आपल्या माणसांना कोकणातल्या घराचे वेध लागतात. डोंबिवलीची किंवा विरारची जागा विकायची आणि उरलेले आयुष्य रत्नागिरीत शांतपणे काढायचे, हा विचार आता घरोघरी ऐकू येतो. जागा पाहायला निघाले, की साधारणपणे दोन पर्याय समोर येतात. एक तर मांडवी, भाट्ये, पांढरा समुद्र, मिऱ्या या बाजूची, लाटांचा आवाज ऐकू येणारी जागा. नाही तर नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, खेडशी अशी आतल्या बाजूस वाढलेली वस्ती. भाव, रस्ता, कर्ज यांची चौकशी लोक बारकाईने करतात. प्रकृतीचा प्रश्न मात्र व्यवहार पुरा झाल्यावर, घरात कुणी आजारी पडले म्हणजे डॉक्टरांपुढे येतो. तो आधी विचारला जावा, म्हणून आजचा लेख.

समुद्राच्या हवेचा महिमा

‘समुद्राची हवा प्रकृतीला चांगली’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. क्षयरोगावर औषध नव्हते त्या काळात रुग्णाला हवापालटासाठी पाठवीत. पण तेव्हाही आरोग्यधामे केवळ समुद्राकाठी नव्हती. पाचगणी आणि मिरज येथेही ती होती, आणि तेथे समुद्र नाही. रुग्णाला आराम, पुरेसे अन्न आणि मोकळ्या खिडक्यांची खोली मिळे, हाच त्यातला मुख्य भाग होता. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसीन सापडल्यानंतर क्षयावर औषधांचे युग सुरू झाले. हवेचा महिमा मात्र आपल्या मनात तसाच राहिला.

समुद्राचे फायदे आहेतच. दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा उन्हाचा ताप कमी करतो. त्यामुळे मे महिन्यात चिपळूण-खेडकडे पारा चाळिशीकडे जातो तेव्हाही रत्नागिरी शहरात तो बराच खाली असतो. शिवाय वाळूवर चालायला जागा मिळते, चार माणसे भेटतात. इंग्लंडमध्ये २००१ च्या जनगणनेच्या आधारे झालेल्या एका अभ्यासात किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी आपली प्रकृती चांगली असल्याचे किंचित जास्त प्रमाणात सांगितले होते. पण समुद्र खिडकीतून पाहिल्याने मधुमेह उतरत नाही, त्यासाठी पायात चपला घालून बाहेरच पडावे लागते.

आता दुसरी बाजू. किनाऱ्यावरची हवा दमट असते, अंगावरचा घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून करते, तर किनाऱ्यावर ३७ अंशांपासूनच, हे ध्यानात घ्यावे. हृदयविकार असलेल्या किंवा पाण्याच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांनी ‘समुद्रकाठी ऊन बाधत नाही’ या समजुतीत राहू नये.

खरा शत्रू ओल

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे घराच्या पश्चिम आणि दक्षिण भिंतींना झड बसते. समुद्रासमोर आडोसा नसेल तर ही झड भिंतीत मुरते. मग भिंतीला पोपडे, कपाटाला बुरशी आणि गाद्यांना सादळ येते. घरातल्या धुळीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे किडे हवेतल्या ओलाव्यावरच जगतात. ते आणि बुरशी हे दमेकऱ्याचे मोठे शत्रू.

माझ्याकडे एक गृहस्थ येतात. पत्नीचा वीस वर्षांचा दमा. तिला हवा मानवेल म्हणून त्यांनी मुंबईकडची जागा विकून समुद्राजवळ तळमजल्यावर फ्लॅट घेतला. पहिला उन्हाळा छान गेला. श्रावणात मात्र बाईंना दोनदा रात्री ऑक्सिजन लावावा लागला. घरी जाऊन पाहिले, तर पलंगाचे उसे नेमके पश्चिमेच्या ओल्या भिंतीला आणि साड्यांच्या कपाटात पांढरी बुरशी. गृहस्थ हताश होऊन म्हणाले, “डॉक्टर, आयुष्याची पुंजी घातली हो यात. आता घाटावर जाऊ का?” मी त्यांना घाटावर पाठवले नाही. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर पूर्वेकडची जागा भाड्याने मिळाली. तिथे ती दोघे राहायला गेली, खालची जागा त्यांनी भाड्याने दिली. बाईंनी फवाऱ्याचे औषध नियमित सुरू ठेवले. पुढचा पावसाळा बराच सुखाचा गेला. गाव तेच होते, समुद्र तोच होता. बदलली होती ती भिंत.

खाऱ्या हवेने लोखंड लवकर गंजते, हे सर्वांना ठाऊक आहे. गंजलेली सळई फुगते आणि स्लॅबचे तुकडे सुटतात. गीझर, पंप आणि अर्थिंगची तारही गंजते व ओल्या हातांना विजेचा धक्का बसतो. किनाऱ्यावर जुना फ्लॅट घेताना छताकडे वर मान करून पाहावे आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे.

पिण्याचे पाणी

किनाऱ्यालगतच्या विहिरींत आणि बोअरिंगमध्ये उपसा वाढला, की खारे पाणी शिरते. उन्हाळ्यात ते अधिक जाणवते. ज्यांना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी जेवणातले मीठ कमी करायचे आणि पाण्यातून घ्यायचे, याला अर्थ नाही. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. बांगलादेशाच्या किनाऱ्यावर झालेल्या अभ्यासात खारे पाणी पिणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये रक्तदाबाचा त्रास अधिक आढळला होता. आपल्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालते. एप्रिल-मेमध्ये पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. घराच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

सड्यावरचे पाणी गोडे असते, पण म्हणून निर्धास्त होऊ नये. जांभा सच्छिद्र दगड. त्यातून पावसाचे पाणी झिरपून जाते, म्हणूनच एवढा पाऊस पडूनही एप्रिलनंतर टँकरची वाट पाहावी लागते. त्याच जांभ्यातून शोषखड्ड्याचे पाणीही लवकर विहिरीत उतरते. कावीळ, विषमज्वर आणि जुलाब यांचे मूळ पुष्कळदा तेथेच सापडते. नव्या वसाहतीत प्लॉट लहान असतात. आपली विहीर दूर असली तरी शेजाऱ्याचा शोषखड्डा कुंपणाला लागून असतो. दोहोंत निदान साठ फूट अंतर हवे, जांभ्यात त्याहूनही अधिक. पाणी उकळून प्यावे हे दोन्हीकडे खरे.

सड्यावरचे इतर प्रश्न

पाणी एक दिवसाआड आले, की पिंपे भरून ठेवली जातात. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्याचा डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व पिंपे रिकामी करून, घासून कोरडी ठेवावीत.

दुसरे म्हणजे धूळ. जवळ चिरेखाण, खडी क्रशर किंवा हमरस्ता असेल तर आतल्या बाजूची ‘कोरडी हवा’ दमेकऱ्याला समुद्राइतकाच त्रास देते. जागा रविवारी पाहू नये, कारण त्या दिवशी खाण बहुधा बंद असते. कामाच्या दिवशी दुपारी जाऊन खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवावे.

तिसरे, साप आणि विंचू. कातळ, गवत आणि चिऱ्यांचे ढीग येथे फुरसे भरपूर. नाग, मण्यार आणि घोणसही आहेत. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी जगापुढे मांडला, आणि त्यामुळे कोकणातले कितीतरी जीव वाचले. सापावर प्रतिविषाची लस आहे. पण ही औषधे रुग्णालयात असतात, म्हणून वेळेत पोचणे हाच निम्मा उपचार. अंगणात रात्री विजेरी आणि पायात बूट हवेत, आणि चिऱ्यांचा ढीग घराला लागून नको.

अंतर नव्हे, उंची पाहा

‘समुद्रापासून लांब म्हणजे सुरक्षित’ हा समज २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणने खोटा ठरवला. चिपळूण समुद्रापासून बरेच आत; तरी वाशिष्ठीच्या पुराने अर्धे शहर पाण्यात गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. उलट ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने किनाऱ्याला झोडपले आणि दापोली-मंडणगड भागात कित्येक दिवस वीज नव्हती. ज्यांच्या घरी विजेवर चालणारे वाफेचे यंत्र किंवा फ्रिजमधले इन्सुलिन होते, त्यांनाच विचारावे ते दिवस कसे गेले.

तेव्हा जमीन किती उंचावर आहे, नदी-खाडीची भरती कुठवर येते, हे पाहावे. जलसंपदा विभागाची निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठची जागा असेल तर ती या रेषांच्या आत की बाहेर, हे विचारावे. मागे डोंगर उभा कापून केलेल्या सपाट प्लॉटवर तर विचारपूर्वकच पाऊल टाकावे. पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिस येतो. चिखलात अनवाणी उतरलेल्याला ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

रात्री दोन वाजता काय?

घर घेताना दिवसाचा विचार करतो, आजार मात्र रात्रीचा येतो. एका निवृत्त शिक्षकांनी सड्यावर, वस्तीच्या अगदी टोकाला टुमदार बंगला बांधला. हवा उत्तम, पाणी गोडे. एका पावसाळी रात्री छातीत कळ आली. वीज गेलेली, फोनला रेंज नाही, शेजारी अर्ध्या मैलावर. पत्नीने तशा पावसात चालत जाऊन गाडी आणली. ते रुग्णालयात पोचले तेव्हा सहा तास उलटून गेले होते. जीव वाचला, परंतु हृदयाचा बराच भाग कायमचा दुबळा झाला. आता दहा पावले चालले की ते थांबतात. रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या एक-दोन तासांत जितके उपयोगी, तितके नंतर नाही. पक्षाघातात तर साडेचार तासांनंतर ते सहसा देता येत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, पण तिला तुमच्या दारापर्यंत रस्ता आणि तुम्हाला फोन लागायला हवा. साठी उलटलेल्यांनी शेजार आणि रस्ता यांना देखाव्याहून अधिक गुण द्यावेत.

मग ठरवायचे कसे?

वाचकहो, ‘समुद्र की सडा’ याचे एकच उत्तर माझ्यापाशी नाही. घरातल्या सर्वांत नाजूक माणसाकडे पाहून ठरवावे. त्यासाठी काही गोष्टी सांगतो.

१) दमा असेल तर समुद्र की आत, यापेक्षा वरचा मजला, पूर्वेकडची झोपायची खोली, समोरासमोर खिडक्या आणि कोरडी भिंत पाहावी. धूळ आणि चिरेखाण टाळावी.

२) रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर उन्हाळ्यातले पाणी तपासल्याशिवाय किनाऱ्याची जागा घेऊ नये.

३) हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर रुग्णालय अर्ध्या तासाच्या आत आणि शेजार हाकेच्या अंतरावर असावा.

४) गुडघे दुखत असतील तर लिफ्टशिवाय वरचा मजला नको आणि चढणीवरचे घरही नको. बाजार आणि एसटीचा थांबा पायी जाण्याजोगा असावा.

५) घर वर्षातले दहा महिने बंद राहणार असेल, तर गणपतीत आल्याबरोबर त्यात झोपू नये. आधी दारे-खिडक्या उघडाव्यात, नाकाला रुमाल बांधून बुरशी ओल्या फडक्याने पुसावी, पाण्याची टाकी धुवून घ्यावी. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडूने उडवू नयेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे घरे दाखवतात मे महिन्यात. तेव्हा आंबे असतात, आकाश निळे असते आणि प्रत्येक भिंत कोरडी असते. टोकन देण्याची घाई करू नका. तीच जागा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, संततधार पावसात पुन्हा पाहा. भिंतीला हाताचा तळवा लावा, कपाट उघडून वास घ्या, गच्चीवर जा, खालच्या बिऱ्हाडाला दोन प्रश्न विचारा. मग त्या घरातून रुग्णालयापर्यंत एकदा रात्री गाडीने जाऊन वेळ मोजा. एवढे करूनही जागा आवडली, तर ती समुद्राकाठी असो की सड्यावर, खुशाल घ्या. तुमच्या नव्या घराला माझ्या शुभेच्छा.