वेष्टनावरील एक वाक्य : निकोटीनयुक्त औषधांचे नियमन आणि अर्थविचार

धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्यांच्या साहाय्यार्थ तयार झालेल्या निकोटीनयुक्त औषधांचे शासकीय नियमन हा विषय सामान्यतः वैद्यकाचा व विधीचा मानला जातो. तथापि या नियमनाचा बराचसा भार शब्दार्थावर पडलेला असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकानेही त्याची दखल घेणे उचित ठरेल. या दृष्टीने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनुभव विशेष उद्बोधक आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. तंबाखूचे व्यसन जडते ते निकोटीनमुळे. परंतु धूम्रपान करणाऱ्यांना होणारे कर्करोग, हृद्रोग व फुप्फुसांचे विकार मुख्यतः तंबाखूच्या धुरामुळे उद्भवतात. झुरक्यातील निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते. चघळावयाच्या गममधील निकोटीन तोंडाच्या अस्तरातून, तर पट्टीतील निकोटीन त्वचेतून सावकाश शोषले जाते. त्यामुळे तलफ सौम्य होते आणि धूर टळतो. शंभराहून अधिक चाचण्यांच्या आधारे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेनुसार अशा औषधांमुळे धूम्रपान सुटण्याची शक्यता ५० ते ६० टक्क्यांनी वाढते.

आता व्याख्येकडे वळू. १९३८ च्या अमेरिकन कायद्यात ‘औषध’ या संज्ञेची व्याख्या बहुतांशी वस्तूच्या अभिप्रेत उपयोगावरून केलेली आहे. रोगाच्या उपचारासाठी, अथवा शरीराच्या रचनेवर वा कार्यावर परिणाम घडविण्यासाठी जी वस्तू योजिली जाते ती औषध होय. गम धूम्रपान सोडविण्यासाठी विकला जात असल्याने तो औषध ठरला. १९८४ साली त्यास मान्यता मिळाली ती डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या अटीवर. १९९६ साली गम व पट्टी ही दोन्ही बिनचिठ्ठी मिळू लागली. त्याच वर्षी अन्न व औषध प्रशासनाने सिगारेटमधील निकोटीनही ‘औषध’ या संज्ञेत मोडते, अशी भूमिका घेतली. परंतु २१ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती अमान्य केली. २००९ च्या कायद्याने प्रशासनाला सिगारेटवर अधिकार दिला, पण ‘तंबाखू-उत्पादन’ हा निराळा वर्ग कल्पून. परिणाम असा की, गमला बाजारात येण्यापूर्वी सुरक्षितता व गुणकारिता सिद्ध करावी लागली. १५ फेब्रुवारी २००७ रोजी बाजारात असलेल्या सिगारेटींना मात्र पूर्वपरवानगीवाचून राहू देण्यात आले.

बिनचिठ्ठी विक्रीत डॉक्टरांची जागा वेष्टनावरील मजकूर घेतो. या औषधांच्या वेष्टनावर अशा आशयाची सूचना असे : धूम्रपान चालू असल्यास, अथवा निकोटीनचा अन्य पदार्थ घेत असल्यास, हे औषध वापरू नये. निकोटीनची मात्रा प्रमाणाबाहेर जाऊ नये, हा तिचा हेतू. परंतु ‘चालू असणे’ या क्रियारूपाची व्याप्ती अनिश्चित आहे. त्याने नित्याची सवय दर्शविली जाते. सोडण्याचा निश्चय केल्यावर मोहाने ओढलेली एखादी सिगारेटही त्यात येते काय? साशंक वाचक कडक अर्थ घेईल, हे स्वाभाविक आहे. असा वाचक सूचनेस मान देऊन गम दूर ठेवतो आणि त्याच्या हाती उरते ती सिगारेट. ज्या क्षणी औषधाची गरज सर्वाधिक, त्याच क्षणी सूचना त्याला औषधापासून परावृत्त करते.

एप्रिल २०१३ मध्ये प्रशासनाने उपलब्ध पुराव्याची छाननी करून, धूम्रपान करीत असताना ही औषधे घेतल्याने सुरक्षिततेचा मोठा प्रश्न उद्भवत नाही, असा निष्कर्ष काढला आणि ही सूचना काढून टाकण्यास अनुमती दिली. ठरावीक आठवड्यांअंती औषध थांबवावे, ही आज्ञाही शिथिल झाली. उपचार पूर्ण करावा आणि सिगारेटपासून दूर राहण्यासाठी अधिक काळ औषधाची गरज भासल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा, असा तिचा नवा आशय होता. निषेधाचे वाक्य जाऊन मार्गदर्शनाचे वाक्य आले.

या उदाहरणावरून एक कसोटी हाती येते. सूचनेचा अर्थ केवळ लिहिणाऱ्याच्या हेतूवरून ठरविता येत नाही. ती वाचून मनुष्य कशाचा त्याग करील आणि त्याच्या जागी काय घेईल, हेही पाहावे लागते. सूचनेचा मसुदा संमत करण्यापूर्वी, ज्यांच्यासाठी तो लिहिला त्यांच्याकडून तो वाचवून घेऊन त्यांना झालेला अर्थ तपासणे, हे नियमनाचेच अंग मानले पाहिजे. भाषाशास्त्राला येथे करण्यासारखे पुष्कळ आहे.