भाजीलाही खिडकीची सीट द्या!

धाराशिवहून पुण्याला निघालेल्या एसटीत सीटखाली डोकावून बघा. एक तरी भाजीची पिशवी दिसणारच. रूमवर फ्रिज नाही, मेसच्या बटाट्याचा कंटाळा आलेला. घरची भाजी हाच काय तो आठवड्याचा आधार.

माझी पहिली पिशवी मात्र थेट कचऱ्यात गेली. फर्स्ट इयरला होते. पप्पांनी पहाटे मेथी उपटली, स्वच्छ धुऊन दिली. मी ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डिकीत टाकली. रूमवर उघडली तर आत वाफ आणि पानं चिकट! संध्याकाळी पप्पांचा फोन, "भाजी केली का गं?" "हो, मस्त झाली," मी ठोकून दिलं. त्याच आठवड्यात भाव नाही म्हणून त्यांनी बाजारातून मेथीच्या जुड्या परत आणल्या होत्या.

सुट्टीत आजीला खरं सांगितलं. ती म्हणाली, "आगं, उपटली म्हणून भाजी लगेच मरत न्हाई. तिला बी दम लागतो." आजी शाळेत गेलेली नाही, पण बॉटनीत हेच शिकवतात. तोडल्यावरही पानं श्वास घेतात, त्यातून उष्णता आणि ओलावा निघतो. प्लास्टिकमध्ये दोन्ही कोंडतं आणि भाजी सडते.

तेव्हापासून पालेभाजी धुवायची ती रूमवर, चिरायच्या आधी. निघताना फक्त माती झटकायची, पेपरात सैल गुंडाळायची, सुती पिशवीत घालून खिडकीजवळ मांडीवर घ्यायची. मुळ्याचा पाला घरीच कापा, नाहीतर तो मुळ्यातलं पाणी ओढतो. आणि पिकलेली केळी दुसऱ्या पिशवीत! त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं मेथी पिवळी पडते. (आयांना केळी नेमकी त्याच पिशवीत कोंबायची असतात. लक्ष ठेवा.)

रूमवर पोचलं की भाजी टोपलीत ठेवून वर ओलं सुती फडकं टाकायचं. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, जुन्या छागलीतलं पाणी गार राहायचं तसंच. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं याच तत्त्वावर विटा आणि ओल्या वाळूचा, वीज न लागणारा शीतकक्ष बनवला. नायजेरियाच्या मोहम्मद बाह अब्बा यांना मडक्यात मडकं ठेवून केलेल्या अशाच 'फ्रिज'साठी 2000 साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. पावसाळ्यात मात्र ही युक्ती फारशी चालत नाही, हवाच दमट असते.

आजीला हे सगळं कळलं ते ऊसतोडीत. कळंब, भूम, वाशीकडची माणसं दिवाळीच्या आसपास कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्यापर्यंत कोपीत राहतात. ताजी भाजी दोन दिवसांची, पुढे सांडगे, वाळवलेली गवार आणि हरभऱ्याचा वाळलेला पाला. परवा तिनं मलाही पाल्याचा डबा भरून दिला. "मेथी सडली तर हे शिजव," म्हणाली.

पप्पांना त्या मेथीचं अजून सांगितलेलं नाही. पण हे पान ते दर आठवड्याला वाचतात.