स्मृतिभ्रंश आणि आईवडिलांचे स्थलांतर

स्मृतिभ्रंशात, म्हणजे स्मरण, विचार आणि दैनंदिन व्यवहार यांची क्षमता क्रमाने खालावत नेणाऱ्या मेंदूविकारांत, बहुधा अलीकडच्या आठवणी आधी पुसट होतात आणि जुन्या दीर्घकाळ टिकतात. म्हणून शुश्रूषाकेंद्रात हलवलेल्या आईच्या खोलीत तिची वापरून मऊ झालेली गोधडी आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पहिल्या दिवसापासून असावेत. दिवस कलताना अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते आणि ‘मला घरी जायचंय’ असा धोशा सुरू होतो. ते घर पुष्कळदा बालपणीचे असते, तेव्हा वाद न घालता त्या घराच्या अंगणाविषयी, विहिरीविषयी विचारत राहणे अधिक मायेचे ठरते. केंद्र निवडतानाही याच वेळी भेट द्यावी, कारण अपुरे मनुष्यबळ सकाळी सहसा लक्षात येत नाही. ‘आईला टाकले’ हा लोकापवाद मुलांना, विशेषतः लेकीसुनांना, फार जाळतो आणि तो अन्यायाचा आहे. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या 2007 च्या केंद्रीय कायद्यानेही, जबाबदारी असलेल्या व्यक्तीने ज्येष्ठाला कायमचे वाऱ्यावर सोडण्याच्या हेतूने कुठेतरी ठेवून जाणे, एवढ्यालाच परित्याग मानून 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे.