पहिला धडा फाइलचा हवा

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत सीएनसी मशीन ज्या प्रोग्रामवर चालते, तो बहुधा साध्या मजकुराच्या फाइलमध्येच असतो. ‘जी०१’ म्हणजे सरळ रेषेत कापत जा, ‘एम३०’ म्हणजे काम संपले; नोटपॅडमध्येही ती फाइल उघडते. त्यामुळे या पट्ट्यातल्या आयटीआयच्या मुलांना पायथॉन शिकवायची, तर सुरुवात फाइल वाचण्या-लिहिण्यापासून करावी. प्रोग्राम बंद झाला की मेमरीतले आकडे जातात, डिस्कवरची फाइल मागे राहते. सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरला महिन्यांनंतरही जुन्या लॉटची मापे दाखवावी लागतात. तिथे उपयोगी पडते ते हे मागे राहिलेलेच.

ग्विडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये जगापुढे आणलेल्या या भाषेत ‘ओपन’ला फाइलचे नाव आणि एक अक्षर दिले की पुरते. ‘आर’ने फाइल वाचता येते, ‘ए’ने जुन्या मजकुराखाली नवी ओळ जोडता येते. ‘डब्ल्यू’ मात्र असलेली फाइल उघडताक्षणी, काहीही न विचारता, रिकामी करते. रात्रपाळीची सगळी रीडिंग अशी एका अक्षरापायी जाऊ शकतात. शिवाय लिहिलेला मजकूर आधी मेमरीत साठतो, डिस्कवर नंतर उतरतो. म्हणून ‘विथ’ वापरावे. मध्येच प्रोग्राममध्ये चूक निघाली तरी ते फाइल नीट बंद करते. मराठी नोंदी करताना अक्षरे साठवण्याची पद्धत ‘यूटीएफ-८’ असे स्पष्ट सांगावे. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, ‘चाकण’ हा शब्द १२. वाचताना दुसरी पद्धत लागली की पडद्यावर नुसता कचरा दिसतो.

एक्सेल असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण ‘३-१२’ असा पार्ट नंबर एक्सेल परस्पर तारीख करून टाकते. याच खोडीमुळे मानवी जनुकांच्या नामकरण समितीने काही जनुकांची नावेच बदलली आणि २०२० मध्ये तसे मार्गदर्शक नियम जाहीर केले. आता कोड एआय लिहून देते, हेही खरे. तरी जुनी नोंद ठेवायची की पुसायची, हे शॉपवरच्या माणसालाच ठरवावे लागते, आणि एआयने ‘डब्ल्यू’ लिहिले की ‘ए’, हे त्यालाच तपासावे लागते. साध्या फाइलमध्ये कोणीही गुपचूप आकडा बदलू शकतो, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. सुरक्षेशी निगडित भागांसाठी परवानग्या असलेला डेटाबेसच हवा. पण तिथेही कोण लिहिणार, कोण पुसणार हेच प्रश्न येतात, आणि त्यांची ओळख फाइलपासूनच होते. या धड्याची परीक्षाही सोपी ठेवता येईल: दोन पाळ्यांची मायक्रोमीटर रीडिंग एकाच फाइलमध्ये लिहायची, मध्ये प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करायचा, आणि पहिल्या पाळीची एकही ओळ हरवता कामा नये.