नारळावरील गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा : फरक ओळखा, माड वाचवा

माडावर भुंगा दिसला की बरेच बागायतदार एकच औषध वापरतात. परंतु गेंड्या आणि सोंड्या या दोन किडींचे राहण्याचे ठिकाण आणि खाण्याची सवय वेगळी असल्याने उपायही वेगळे आहेत.

गेंड्या भुंगा
काळा, दणकट, डोक्यावर गेंड्यासारखे शिंग. नुकसान करतो तो प्रौढ भुंगा. तो शेंड्यातील न उमललेला कोंब पोखरून रस घेतो. पुढे ते पान उमलले की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखे दिसते. अळी मात्र माडावर नसते. ती शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजलेल्या खोडात वाढते. म्हणजेच या किडीचे माहेर तुमच्या उकिरड्यात आहे.

सोंड्या भुंगा
तांबूस तपकिरी, लांब सोंड असलेला. येथे खरे नुकसान अळी करते. मादी माडाच्या जखमेत अंडी घालते. पाय नसलेली अळी खोडाचा आतील गाभा खाते आणि तेथेच कोष करते. खोडावर छिद्रे, त्यातून तपकिरी चिकट द्रव आणि चघळलेला भुसा, खोडाला कान लावल्यास कुरतडण्याचा आवाज ही लक्षणे होत. शेंडा कोलमडल्यावर माड वाचत नाही.

दोघांचा संबंध
गेंड्याने पाडलेली छिद्रे सोंड्याला अंडी घालायला आयतीच मिळतात. म्हणून गेंड्याचा बंदोबस्त ही सोंड्याविरुद्धची पहिली पायरी आहे.

काय करावे?
• खताचे खड्डे उपसताना अळ्या वेचून मारा. खड्ड्यात मेटारायझियम बुरशी मिसळा.
• मेलेले माड आणि ओंडके बागेत कुजत ठेवू नका.
• कोंबातील गेंड्या भुंगा तारेच्या हुकाने ओढून काढा. वरच्या पानांच्या बेचक्यात निंबोळी पेंड व वाळू समप्रमाणात भरा.
• खोडाला कोयत्याच्या खाचा पाडू नका. हिरवी झावळ काढावी लागल्यास सुमारे १ मीटर देठ ठेवा.
• कामगंध सापळे लावताना प्रत्येक किडीची वडी वेगळी असते, हे लक्षात ठेवा. सापळा लहान माडांजवळ लावू नका.
• सोंड्यामुळे मेलेला माड तोडून, खोड फोडून आतील अळ्या व कोषांसह जाळा.

कीटकनाशक वापरण्यापूर्वी लक्षणे कोणत्या भुंग्याची आहेत ते पाहा आणि कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसारच मात्रा ठरवा.