अ‍ॅरेमधील जुळणाऱ्या मजकुराचे स्थान शोधणे

प्रस्तावना

एखादे नाव यादीत आहे काय आणि ते कोठे कोठे आहे, हे दोन भिन्न प्रश्न होत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर संगणक स्थानांकांच्या रूपाने देतो. मात्र कोणत्या दोन शब्दांना ‘सारखे’ मानावे, हे भाषा जाणणाऱ्यानेच ठरवावे लागते.

अ‍ॅरे व स्थानांक

क्रमाने मांडलेल्या नोंदींच्या संचास अ‍ॅरे म्हणतात. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्याचे आठ तालुके अकारविल्हे मांडू. बहुतेक प्रचलित प्रोग्रॅमिंग भाषांत मोजणी शून्यापासून होते, म्हणून स्थानांक पुढीलप्रमाणे येतील :

० अर्जुनी मोरगाव, १ आमगाव, २ गोंदिया, ३ गोरेगाव, ४ तिरोडा, ५ देवरी, ६ सडक अर्जुनी, ७ सालेकसा.

जुळणीचे प्रकार

या अ‍ॅरेत ‘अर्जुनी’ हा शब्द शोधू.

१. पूर्ण जुळणी : संपूर्ण नोंद ‘अर्जुनी’ अशी कोठेही नाही, उत्तर रिकामे येते.
२. आरंभीची जुळणी : उत्तर ०.
३. अंशतः जुळणी : उत्तर ० आणि ६.

सर्व स्थाने हवी असल्यास उत्तरासाठी प्रथम एक रिकामी यादी घ्यावी, प्रत्येक नोंद क्रमाने तपासावी आणि जुळणी होताच तिचा स्थानांक त्या यादीत नोंदवावा. पहिल्याच जुळणीवर थांबणारे फंक्शन वापरल्यास सडक अर्जुनी तालुका निसटतो. तसेच ० हे पहिले स्थान आहे. त्याचा अर्थ ‘सापडले नाही’ असा करू नये.

देवनागरीचे वैशिष्ट्य

वाचक ‘गोंदिया’ या शब्दात तीन अक्षरे पाहतो. युनिकोडमध्ये मात्र तो ग, ओकाराची मात्रा, अनुस्वार, द, ऱ्हस्व इकार, य आणि काना अशा सात संकेतांनी साठवला जातो. इकार द-च्या आधी दिसत असला तरी साठवणीत तो द-नंतर येतो. ‘गोन्दिया’ असे लिहिल्यास अनुस्वाराच्या जागी न व हलन्त चिन्ह येऊन संकेत आठ होतात. उच्चार एकच असूनही संगणकाच्या दृष्टीने हे दोन शब्द वेगळे आहेत.

याचा परिणाम व्यवहारात दिसतो. मतदार यादीत ‘टेम्भरे’ अशी नोंद असेल आणि शोध ‘टेंभरे’ असा घेतला, तर केवळ संकेत ताडून पाहणारी आज्ञावली ‘नोंद नाही’ असे सांगेल. नाव यादीत असूनही माणूस यादीबाहेर ठरेल. म्हणून तुलनेपूर्वी शोधशब्द व नोंदी दोन्ही एकाच रूपात आणाव्यात. व्याकरणातील परसवर्णाचा नियम येथे उपयोगी पडतो : त-वर्गापूर्वीचा न् आणि प-वर्गापूर्वीचा म् यांच्या जागी अनुस्वार योजून मग ताडून पाहावे. मात्र हा बदल तुलनेपुरताच करावा. मूळ नोंद जशीच्या तशी ठेवावी.

आपली प्रगती तपासा

प्रश्न : वरील अ‍ॅरेत ‘गाव’ याची अंशतः जुळणी कोणत्या स्थानांकांवर होते?
उत्तर : ०, १ आणि ३. स्थानांक ० येथे ‘मोरगाव’मुळे जुळणी होते.