थुंकीच्या टेस्टवर तोंडाचा कॅन्सर कळतो का?

आजचा एपिसोड माझ्या रूममेटमुळे. कॉलेजपासून मावा खातो. महिना झाला, गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. मी म्हटलं, दाखवून ये. तर म्हणतो, "कशाला रे? आता थुंकीची टेस्ट निघालीये. निगेटिव्ह आली की विषय संपला."

मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण आकडे वाचता येतात, म्हणून वाचत बसलो.

आयडिया भारी आहे. गाठ लाळेतच भिजलेली असते, त्यामुळे तिच्या खुणा लाळेत उतरतात. या खुणांना बायोमार्कर म्हणतात. २००४ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड वाँग यांच्या टीमने ३२ रुग्ण आणि ३२ निरोगी लोकांची लाळ तपासली. इंटरल्युकिन-८ सारख्या सात जीन्सचे आरएनए रुग्णांमध्ये वाढलेले दिसले. त्यातले काही एकत्र वापरून दोन्ही गट ९१ टक्के अचूक ओळखता आले.

९१ टक्के म्हणजे पास, असं वाटतं ना? थांबा, हिशोब करू. समजा १०,००० लोकांची टेस्ट केली आणि त्यात १० जणांना खरंच कॅन्सर आहे. टेस्ट ९ जणांना पकडेल, एक सुटेल. उरलेल्या ९,९९० निरोगी लोकांपैकी ९ टक्के, म्हणजे जवळजवळ ९०० जण, उगाच पॉझिटिव्ह येतील. म्हणजे शंभर पॉझिटिव्हमध्ये खरा एखादाच! शिवाय इंटरल्युकिन-८ हिरड्या सुजल्या तरी वाढतं.

आणि तो सुटलेला एक? तो निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन घरी निवांत बसेल. माझ्या रूममेटसारखा.

मग उपयोग काय? एक तर कोणाला आधी तपासायचं हे ठरवायला. दुसरं, उपचारानंतर त्याच माणसाची लाळ पुन्हा पुन्हा तपासून, त्याच्याच जुन्या आकड्यांशी तुलना करून आजार परततोय का यावर नजर ठेवायला. सुई नाही, दुखणं नाही. संशोधन त्याच दिशेने चाललंय. पण पक्कं निदान आजही तुकडा काढूनच, म्हणजे बायोप्सीनेच होतं.

आणि बघा, सगळ्यात साधी टेस्ट म्हणजे डोळे. केरळात तिरुवनंतपुरमला आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं नुसती उजेडात बघितली. २००५ मध्ये निकाल आला: तंबाखू खाणाऱ्या, दारू पिणाऱ्यांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटले.

त्यामुळे मोबाईलचा टॉर्च लावा, आरशासमोर उभे राहा. पांढरा-लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर सरळ डेंटिस्टकडे जा. काही दिसलं नाही तरी, तंबाखू खात असाल तर एकदा दाखवाच.

काल रूममेटला ओढत नेलं. डॉक्टरांनी तुकडा काढलाय. रिपोर्ट यायचाय. माव्याची पुडी मात्र त्याने स्वतःच कचऱ्यात टाकली.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!